आबांचा पंप आणि माझी किल्ली

आमच्या घरात दम फक्त आबांना लागायचा, पण त्या दमाचा कारभार मात्र आम्ही सगळे मिळून पाहत होतो. आबा म्हणजे माझे सासरे. जळगावच्या एका डाळमिलमध्ये त्यांनी तीस-बत्तीस वर्षं हमालांची मुकादमी केली. दिवसभर डाळीचा कोंडा आणि मधल्या सुट्टीत बिडीचा धूर असं दोन्ही छातीत भरून घेतलं, आणि काम सुटल्यावर आता जरा निवांत श्वास घ्यावा म्हटलं तर श्वासच पुरेना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही अशी माझी पक्की समजूत होती. लोखंडी कपाटाची किल्ली सासूबाईंनी माझ्या हवाली केल्यापासून तर ती समजूत कमरेला लटकवूनच मी घरात वावरत असे.

भाद्रपदात आबांना इतका दम लागला की चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणाऱ्याने रिकाम्या हाताने आलं तरी चालतं, पण रिकाम्या तोंडाने येऊन चालत नाही. प्रत्येकाने निदान एक उपाय द्यावाच लागतो. कोणी रुईचं फूल सांगे, कोणी कोजागिरीच्या खिरीतलं औषध, कोणी कबुतरं पाळायला सांगे. शेजारचे नाना तर रोज येत. नानांची शेती असोद्याच्या रस्त्याला होती, गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय व्हायला हवं याचं ज्ञान त्यांना उपजतच होतं. ते ओट्यावर बसून, एक बिडी संपवून दुसरी पेटवत, बिडी किती वाईट हे आबांना समजावून सांगत. आबांनी बिडी दवाखान्यातच सोडली होती. ते मान वळवून बसत आणि नाना समजत की यांना बोललेलं लागतं.

आठवड्याने छातीच्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. तरुण डॉक्टर होते, नुकताच दवाखाना टाकलेला. आत आम्ही पाच जण शिरलो: आबा, सासूबाई, माझे यजमान, मी आणि नाना. खुर्च्या दोनच होत्या, तिथे सासूबाई आणि नाना बसले. आबा उभे. डॉक्टरांनी आधी त्यांना तपासायच्या टेबलावर बसवलं आणि विचारलं, ‘बाबा, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं?’

‘दहाव्या,’ सासूबाई म्हणाल्या.

‘छे, सहा-सातच्या वर जात नाहीत,’ माझे यजमान म्हणाले.

मी म्हटलं, ‘ते सकाळी वेगळं असतं आणि संध्याकाळी वेगळं.’ नानांनी त्यांच्या मामेसासऱ्याच्या पायऱ्या सांगायला सुरुवात केली. आबांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि फार नम्रपणे सांगितलं की आबा सोडून बाकीच्यांनी जरा बाहेर बसावं. आम्हाला तो अपमान वाटला. मी मात्र शिक्षिका असल्याचं सांगून दाराशी उभी राहिले.

डॉक्टरांनी आबांना एका दमात जमतील तेवढे आकडे मोजायला सांगितले. आबांनी श्वास घेतला आणि सुरुवात केली, ‘लाभ, दोन, तीन…’

‘लाभ म्हणजे?’

‘एक,’ आबा म्हणाले. मिलमध्ये पोती मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. डॉक्टर हसले आणि म्हणाले, लाभापासूनच मोजा. आबा चौदापर्यंत गेले. मग डॉक्टरांनी दोन पंप काढले, एक तपकिरी, एक निळा. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी, आणि नंतर चूळ भरायची. निळा दम लागेल तेव्हा, म्हणून तो सदैव जवळ. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरून श्वास घेता घेता दाबायचा, मग दहा आकडे दम धरायचा. आबांकडून त्यांनी चार वेळा करून घेतलं. दम लागला की आडवं पडायचं नाही, पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकायचे आणि बशीतला चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. हे आबांना एका झटक्यात जमलं. आयुष्यभर बशीनेच चहा प्यायलेला माणूस तो.

मग त्यांनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं. एका दमात दहाच्या वर मोजता येतंय तोवर नेहमीचं चालू ठेवा. दहाच्या खाली आलं, बेडका पिवळा-हिरवा झाला, तर या गोळ्या सुरू करून मला दाखवा. पाचाच्या खाली आलं तर निळा पंप लगेच, आणि थेट इथे. ‘हा आजार जायचा नाही, बाबा,’ ते म्हणाले. ‘पण सांभाळता येतो. तुम्हाला काय करावंसं वाटतं?’

हा प्रश्न आबांना कोणी विचारला होता असं मला तरी आठवत नाही. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘सांजले मिलना फाटकपर्यंत जानं शे. एकलं.’

मिलचं फाटक आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी जुने हमाल जमत. डॉक्टर म्हणाले, का नाही, निळा पंप खिशात ठेवा आणि जा, थांबत थांबत. मी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होते. त्यातला ‘सांभाळता येतो’ एवढाच शब्द मी घरी नेला, आणि सांभाळायचं कोणी, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी होते ना.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन्ही पंप हातात घेतले आणि डोळ्यांना पदर लावला. पंप म्हणजे शेवटचं, हे त्यांना माहेरापासून ठाऊक होतं. ‘पंप लागना म्हंजे मानूस गया,’ त्या म्हणाल्या. ‘सवय पडी जाई.’ आबांना श्वास घ्यायची सवय एकसष्ट वर्षांपासून होती, त्यात आणखी कोणती सवय पडणार होती कोण जाणे. पण मीसुद्धा त्यांना विरोध केला नाही, कारण दुसरी अडचण माझ्या डोक्यात आधीच शिरली होती. धाकट्या नणंदेचं लग्न जमवायचं होतं. मुलीचा बाप पंपावर आहे हे बाहेर कळलं, तर उद्या लोक म्हणणार, दम्याचं घर आहे. मुलगी बघायला आलेला पाहुणा आधी बापाची छाती बघणार. तेव्हा मी दोन्ही पंप लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली ठेवले आणि किल्ली फिरवली. अगदी लागलाच तर मी आहेच, असं आबांना सांगितलं. हे सांगताना मला आपण त्यांच्यावर उपकार करतोय असं वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसतही असणार.

डॉक्टरांचा कागद मी टाकला नाही. असल्या बाबतीत मी फार व्यवस्थित. त्यावरून मी एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत आबांचं वेळापत्रक तयार केलं, शाळेत करते तसं. सव्वासहाला उठणे, साडेसहाला फुंकण्याचा व्यायाम, सातला तपकिरी पंप, आणि पुढे संध्याकाळच्या फिरण्यापर्यंत रकाने. फिरणे वीस मिनिटे, ‘सोबत कोणीतरी’ असं कंसात. रोज रात्री मी बरोबरच्या खुणा करी. आबा तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघत ती मी वर्गात रोज बघत होते, तरी मला ओळखू आली नाही.

फिरायला त्यांच्याबरोबर कधी यजमान जात, कधी नाना. मिलच्या फाटकाकडे जायचं नाही, तिथे धूळ असते, असं आम्ही ठरवलं. देवळापर्यंत जाऊन परत यायचं. वाटेत दम लागला तर पंप घरी, घर दहा मिनिटांवर आणि किल्ली माझ्याकडे. मी शाळेत असले की आबांनी दम लागू नये अशी घरातल्या सगळ्यांची अपेक्षा असे. आणि माणूस मोठा समजूतदार, तेही बहुतेक वेळा माझी शाळा सुटेपर्यंत थांबत. मी घरी येऊन हातपाय धुऊन कपाट उघडेपर्यंत ते पलंगाच्या काठावर गुडघ्यांवर हात टेकून फुंकत बसलेले असत. मी पंप देई, ते दोनदा ओढत, मी हात पुढे करी, टोपण लावी आणि परत आत.

एकदा त्यांनी विचारलं, ‘दम कोना शे?’

‘तुमचा, आबा.’

‘मंग चावी तुनाजोडे कसाले?’

‘हरवेल म्हणून,’ मी म्हटलं. तीस वर्षं हजारो पोती मोजून त्यातलं एक न हरवलेल्या माणसाला मी हे सांगितलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. विळी, कात्री, शिलाई मशीन, यजमानांची स्कूटर, असं सगळं अंगणात मांडलेलं असतं. सासूबाईंनी त्या वर्षी दोन्ही पंप पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्यांच्या मनात भक्तीच होती, त्यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी आबांनी तपकिरी पंप तोंडात धरला तर श्वासाबरोबर आधी हळद आत गेली. खोकून खोकून डोळे लाल झाल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, ‘पूजा रोज करा. पन पंप माले बी दखाडत जा.’ सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षात नानांनी धुळ्याचं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, घर शेतीचं, माणसं आमच्याच भागातली. मुलीला बघून गेले, पसंत आहे असा निरोपही आला, पण मुलाच्या वडिलांना एकदा घरचे सगळे निवांत भेटावेत असं वाटत होतं. थंडीच्या दिवसांत खान्देशात निवांत भेटणं म्हणजे शेतात भरीत. नानांनी आपलं शेत देऊ केलं. मला ते फारच बरं वाटलं. घरी पाहुणे आले तर वेळापत्रक भिंतीवरून काढा, औषधं लपवा, असे उपद्व्याप करावे लागले असते. शेतात लपवायला काही नाही. निघताना आबा कपाटाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, निळा तेवढा दे. मी म्हटलं, ‘आबा, आजच्या दिवस नको. पाहुण्यांनी बघितलं तर? आणि तुम्हाला आज छान वाटतंय.’ हे मीच ठरवलं. त्यांना कसं वाटतंय हे मी रोजच ठरवत होते, त्या दिवशी विशेष काही केलं नाही. किल्ली कमरेला लावून मी टांग्यात बसले.

नानांच्या शेतात कापसाच्या वाळक्या काड्यांचा ढीग रचला होता, त्यावर भरताची पांढरट-हिरवी मोठाली वांगी. मुलाच्या वडिलांचं नानांनी स्वागत केलं आणि मुलीच्या वडिलांचाही मान ठेवायला हवा म्हणून आबांना सगळ्यात चांगली जागा दिली. भरिताला सगळ्यात चांगली जागा जाळाजवळची, हे कोणालाही विचारा. थंडी होती, आजारी माणसाला ऊब हवी, व्याह्यांच्या शेजारी बसायला हवं, असा तिहेरी विचार करून आम्ही सर्वांनी मिळून आबांना सतरंजीवर, वाऱ्याच्या नेमक्या तोंडाला बसवलं. छातीच्या रोग्याचा असा थाटामाटाने धुरात सत्कार दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही. सासूबाईंनी पाठीला उशीसुद्धा दिली, म्हणजे चटकन उठता येऊ नये.

काड्या पेटल्या. आबांनी रुमाल नाकाला लावला. मी डोळ्यांनी खुणावलं, रुमाल काढा, पाहुण्यांना वाईट दिसतं. त्यांनी काढला. मग त्याच आरावर हिरव्या मिरच्या पडल्या. ठसका सगळ्यांनाच लागला, सगळे हसले, नाना म्हणाले की ठसका लागल्याशिवाय भरिताला चव नाही. सगळ्यांचं हसणं थांबलं तेव्हा आबांचा खोकला थांबलेला नव्हता.

पुढची काही मिनिटं मला अजून नीट आठवतात. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. आणि आम्ही सगळे मदतीला धावलो. यजमानांनी त्यांना आडवं झोपवायला खांदे धरले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नानांनी कांदा फोडून नाकाशी धरला आणि दुसऱ्या हाताने टॉवेलने वारा घातला, त्याने सगळा धूर आबांवरच आला. मी ‘आबा, घाबरू नका’ असं इतक्या मोठ्याने ओरडत होते की घाबरायचं नसेल त्यानेही घाबरावं. आबांनी एक हात सोडवून चार बोटं वर केली. सासूबाईंनी त्या चार बोटांचा एकच अर्थ काढला, आपल्याला उचलायला चौघं बोलवा म्हणताहेत, आणि त्यांनी हंबरडा फोडला. त्या चार बोटांचा अर्थ डॉक्टरांच्या कागदावर लिहिला होता. मोजणी पाचाच्या खाली आली होती. तो कागद मी सुंदर अक्षरात उतरवून काढला होता, रोज त्यावर खुणा करत होते, आणि तरी मला काही कळलं नाही.

मग आबांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या सगळ्यांच्या अंगावर हात टाकला. कांदा उडाला, तांब्या लवंडला. यजमानांना त्यांनी कोपराने मागे ढकललं, उशी बाजूला केली, आणि गुडघ्यांवर रांगत, धोतर मातीत फरफटत, वाऱ्याच्या उलट्या बाजूला विहिरीच्या काठापर्यंत गेले. कोणी पाय हलवला की हात वर करून थांबवत होते. काठाला टेकून बसले, पुढे वाकले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि ओठांचा चंबू करून फुंकायला लागले. सावकाश. एकदा, दोनदा, दहादा. मध्ये एक शब्द बोलले, ‘निळा.’

माझा हात कमरेकडे गेला. किल्ली होती. चकचकीत, हरवलेली नाही, नीट सांभाळलेली. आणि पंप जळगावात शालूखाली. मी हातातल्या किल्लीकडे बघत उभी राहिले आणि मला त्या क्षणी स्वतःची इतकी शिसारी आली की रडूही आलं नाही. व्याह्यांच्या बरोबर आलेला त्यांचा मोठा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता, त्याने माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, यजमान मागे बसले आणि दोघे गेले.

जायला-यायला अर्धा तास लागला असेल. तो अर्धा तास आबांनी एकट्याने काढला. आम्ही अकरा माणसं तिथे होतो, आणि आमच्यापैकी कोणाचाही काही उपयोग नव्हता. ते कोणाकडे बघत नव्हते. श्वास आत, मग फुंकर. मी नुसती मोजत होते, तेही मनातल्या मनात, त्यांना ऐकू जाईल या भीतीने. जाळावर वांगी करपून कोळसा झाली तरी कोणी उतरवली नाहीत. एकदा त्यांची फुंकर मध्येच थांबली, मान खाली गेली, आणि मला वाटलं संपलं. मग परत सुरू झाली.

मोटारसायकल आली. यजमानांनी पंप हलवून स्वतःच आबांच्या तोंडात घालायचा प्रयत्न केला. आबांनी तो त्यांच्या हातातून घेतला. हलवला, श्वास सोडला, तोंडात धरला, दाबला, दम धरला. थोडं थांबून पुन्हा. भावी व्याह्यांसमोर, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. पाच-सात मिनिटांत शिट्टी कमी झाली. ओठांना थोडा रंग आला.

आणि मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. मी सवयीने हात पुढे केला. टोपण लावून परत ठेवायला.

आबांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंपाला टोपण लावलं, सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

कागदात लिहिल्याप्रमाणे त्यांना तिथून थेट डॉक्टरांकडे नेलं. मोटारीची व्यवस्था व्याह्यांनीच केली. डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. सोयरीक मोडली, असं आम्ही धरूनच चाललो. सासूबाई त्याचंही खापर पंपावर फोडून मोकळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी नाना निरोप घेऊन आले, तोंड जरा उतरलेलं. धुळेकरांचा होकार होता. आणि मुलाच्या आईने खासगीत विचारलं होतं की डॉक्टर कोणते, कारण त्यांच्याकडेही एक जण पंपावर आहे, सध्या तो पंप ज्वारीच्या कोठीत असतो. तेही आमच्यापासून लपवत होते. दोन्ही घरांनी महिनाभर एकमेकांपासून एकच वस्तू लपवली होती, आणि त्यापायी एक माणूस जवळजवळ गेला होता.

दवाखान्यातून सोडण्याआधी डॉक्टरांनी आबांना शेवटचं तपासायला बोलावलं, तेव्हा मी एकटीच त्यांच्याबरोबर गेले. या वेळी खुर्चीत आबा बसले आणि मी मागे उभी राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाबा, दम कशाकशाने वाढतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. सांगा, लिहून घेतो.’

आबांनी बोटं मोजायला सुरुवात केली. धूर. फोडणी. पहाटेची थंडी. डाळीचा कोंडा. डॉक्टर लिहीत होते. चार बोटं झाली. पाचव्या बोटावर आबा थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे मी ऐकते आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

‘मांगनं पडस ना,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘तवय सर्वात जास्ती लागस.’

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांना तेवढी अहिराणी येत नसावी, किंवा आली तरी ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आबा जे बोलत ते शुद्ध मराठीत करून सांगायची मला फार हौस होती, इतकी वर्षं मी तेच करत आले होते. त्या दिवशीही मी सांगितलं. मी म्हटलं, ‘औषध मागावं लागतं तेव्हा सर्वांत जास्त दम लागतो, असं म्हणताहेत. आमच्याकडे मागावं लागतं.’

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.